ओल्या चिऱ्याचा लाल

राजापूर तालुक्यातील आमच्या गावच्या घराच्या मागील भिंतीला गिलावा नाही. तेथे जांभ्याचे चिरे उघडेच आहेत, आणि मे महिन्यात ते इतके फिके व धुरकट दिसतात की त्यांना लाल म्हणावे की मातकट, हे ठरवता येत नाही. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस येऊन गेला की तीच भिंत तासाभरात गर्द लाल होते. माझ्या लहानपणापासून मी हा बदल पाहत आले आहे आणि गेली पंधरा वर्षे तो जलरंगांत उतरवण्याचा प्रयत्न करते आहे. सुरुवातीच्या चित्रांत ओली भिंत दाखवण्यासाठी मी ट्यूबमधला लाल अधिक घेत असे, आणि भिंत दुकानाच्या पाटीसारखी भडक दिसे. मग तो भडकपणा मोडण्यासाठी मी त्यात काळा मिसळत असे, आणि भिंत जळाल्यासारखी, निर्जीव होऊन जाई. रंगाची तीव्रता म्हणजे काय, हे मला त्या भिंतीमुळेच हळूहळू समजत गेले.

शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांची तयारी करताना आम्हाला रंगाचे तीन गुण पाठ करायला लावले होते: रंगाची जात, त्याचा उजळपणा आणि त्याची तीव्रता. कंपासने आखलेले रंगचक्र आम्ही पोस्टर कलरने नेटके भरत असू आणि पांढरा घालत घालत फिकट होत जाणारी, काळा घालत घालत गडद होत जाणारी पट्टी रंगवत असू. तीव्रतेची पट्टी मात्र आम्ही कधीच रंगवली नाही. त्यामुळे माझ्या डोक्यात रंग एकाच रेषेवर सरकत राहिला, ज्याच्या एका टोकाला फिकट आणि दुसऱ्या टोकाला गडद होते. रंग गडद असूनही मंद असू शकतो आणि फिकट असूनही झगझगीत असू शकतो, हे त्या रेषेवर कोठेच बसत नव्हते.

याचे मला आता नवल वाटते, कारण आपली भाषा हा भेद रोज करत असते. पिवळाधमक, हिरवागार, लालभडक, निळाशार हे शब्द उजळपणाबद्दल फारसे काही सांगत नाहीत. रंग किती शुद्ध आहे, त्यात करड्याची भेसळ किती कमी आहे, हे ते सांगतात. उलट पिवळट, हिरवट, तांबूस, निळसर या शब्दांत रंगाची जात ओळखू येते, पण तिचा जोर ओसरलेला असतो. पिवळट कागद आणि पिवळाधमक झेंडू यांचा उजळपणा जवळपास सारखा असू शकतो, तरी त्यांत गल्लत कोणी करत नाही. लुगड्यांची खरेदी करताना माझी आजी आमसुली, डाळिंबी, चिंतामणी असे रंग सहज वेगळे करीत असे. जे कान आणि जीभ यांना ठाऊक होते, ते हातात कुंचला आल्यावर मी विसरले होते.

अमेरिकेतील चित्रकार आणि कलाशिक्षक आल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ मध्ये रंगांच्या मोजमापाची एक पद्धत प्रसिद्ध केली. त्यांनी रंगाची जात वर्तुळावर, उजळपणा उभ्या खांबावर आणि तीव्रता त्या खांबापासून बाहेर जाणाऱ्या फांद्यांवर मांडली. खांबाजवळ करडा असतो, आणि जितके बाहेर जावे तितका रंग शुद्ध होत जातो. या मांडणीतील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी की तिच्यातून तयार होणारा आकार गोलासारखा सुबक होत नाही, वेडावाकडा होतो. पिवळ्याची फांदी सर्वांत लांब जाते ती वर, उजळ भागात. निळ्याजांभळ्याची फांदी लांब जाते ती खाली, गडद भागात. म्हणजे प्रत्येक रंगाची ऐन बहरात येण्याची स्वतःची उंची आहे. पिवळा गडद करू लागताच त्याची धमक जाते आणि तो शेवाळी दिसू लागतो; पिवळ्यात काळा मिसळला तर चक्क हिरवट रंग मिळतो, हे कोणीही घरी करून पाहू शकतो. निळ्यात पांढरा घालत गेलो तर आकाश मिळते, पण निळाशारपणा सुटत जातो. लाल या दोघांच्या मध्ये कोठेतरी आहे, आणि म्हणूनच तो गडद करताना सांभाळावा लागतो.

आता भिंतीकडे परत येते. कोरडा जांभा सच्छिद्र आणि खरखरीत असतो. त्याच्यावर पडलेल्या प्रकाशाचा बराच भाग पृष्ठभागावरूनच चहूकडे विखुरतो आणि दगडाच्या आत न शिरताच, पांढराच्या पांढरा, आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. दगडाच्या लालात जणू कोणी पांढऱ्याचे बोट फिरवलेले असते. पाऊस पडला की त्या छिद्रांत आणि खळग्यांत पाणी भरते, पृष्ठभागावरचा विखुरलेला पांढरा प्रकाश कमी होतो आणि अधिक प्रकाश आत शिरून, लोहाच्या ऑक्साइडकडून गाळला जाऊन, मग बाहेर येतो. त्यामुळे भिंत एकाच वेळी गडदही होते आणि तीव्रही. माझी चूक येथेच होती. मी एकदा तीव्रता वाढवत होते आणि एकदा उजळपणा कमी करत होते, पण दोन्ही एकत्र आणि बेताने कधी केले नव्हते.

जलरंगात काम करणाऱ्याला हाच अनुभव उलट दिशेने रोज येतो. पातळ रंगाचा ओला थर, म्हणजे वॉश, कागदावर पसरलेला असतो तेव्हा रंग अतिशय रसरशीत दिसतो, आणि अर्ध्या तासाने वाळल्यावर तो फिकट आणि मवाळ होऊन समोर येतो. रंग कोठे गेलेला नसतो. कागदाचा आणि रंगकणांचा खरखरीतपणा उघडा पडलेला असतो. तैलचित्रावर वार्निश चढवल्यावर मंदावलेले गडद भाग पुन्हा जिवंत होतात, त्यामागेही हेच कारण आहे. म्हणून जलरंगात पहिला हात थोडा धीटपणे, वाटतो त्याहून गर्द द्यावा, असे मी आता ठरवून टाकले आहे. भीत भीत दिलेले तीन हात एका धीट हाताची बरोबरी करत नाहीत, उलट कागदावरचा ताजेपणा घालवतात.

मिश्रणाबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण येथेच बहुतेक चित्रे मळतात. पिवळा आणि निळा मिळून हिरवा होतो हे आपण बालवाडीपासून ऐकतो, पण का होतो हे फारसे कोणी सांगत नाही. पिवळा रंगकण प्रकाशातला निळा भाग गिळतो आणि हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल परत पाठवतो. निळा रंगकण लाल, नारिंगी व पिवळा गिळतो आणि निळ्याबरोबर थोडा हिरवाही परत पाठवतो. दोघे एकत्र आले की दोघांनाही मान्य असलेला हिरवाच तेवढा शिल्लक राहतो. रंग मिसळणे म्हणजे खरे तर प्रकाश कमी करत जाणे आहे, आणि त्यामुळे मिश्रण हे सहसा मूळ रंगांपेक्षा कमी तीव्र असते. किती कमी, हे त्या दोघांच्या वाट्यात हिरवा किती होता यावर ठरते. लेमन यलो हिरव्याकडे झुकलेला असतो आणि थॅलो ब्लूही हिरव्याकडे झुकलेला असतो, म्हणून त्यांचे मिश्रण झगझगीत पोपटी होते. अल्ट्रामरीन हा निळा जांभळ्याकडे झुकतो आणि गडद कॅडमियम यलो नारिंगीकडे झुकतो. त्यांच्यात हिरव्याचा वाटा मुळातच कमी, म्हणून त्यांचे मिश्रण मंद, शेवाळी होते. निळा निळाच असतो असे मानणाऱ्याला हे कोडे कधीच सुटत नाही. ट्यूबवर बारीक अक्षरांत रंगकणाची खूण छापलेली असते, उदाहरणार्थ अल्ट्रामरीनसाठी पी. बी. २९ आणि थॅलो ब्लूसाठी पी. बी. १५. रंगाच्या आकर्षक नावापेक्षा ती खूण वाचण्याची सवय लावून घेतल्यापासून माझे पैसेही वाचले आहेत आणि कागदही.

कोकणातील पावसाळा रंगवणाऱ्याने मंद हिरव्याला कमी लेखू नये, असे मला फार मनापासून वाटते. आषाढात तरवा, म्हणजे भाताची रोपे, उगवून आलेला असतो तेव्हा त्याचा पोपटी रंग खरोखरच लेमन यलो आणि थॅलो ब्लूच्या जवळ जातो. पण त्याच चौकटीत मागे फणस असतो, आंबा असतो, आणि त्यांची पाने गडद, करडेपणाकडे झुकलेली असतात. फणसाचे पान वरून चकचकीत असते, त्यामुळे ढगाळ आकाशाचा करडा उजेड त्यावर आरशासारखा पडतो आणि पानाचा स्वतःचा हिरवा झाकून टाकतो. त्याच पानातून मागून ऊन आले तर ते एकदम पिवळसर हिरवे पेटते, कारण तेव्हा प्रकाश पानाच्या आतून गाळून आलेला असतो. ही सगळी झाडे एकाच तीव्रतेच्या हिरव्याने रंगवली की चित्र प्लॅस्टिकचे वाटू लागते. मी फणसासाठी अल्ट्रामरीनमध्ये यलो ऑकर आणि चिमूटभर बर्न्ट सिएना घेते. तो हिरवा एकटा पाहिला तर उदास दिसतो, पण त्याच्या शेजारी तरवा ठेवला की तरव्याचा पोपटी उठून येतो.

ढगांसाठी मी काळा रंग कधीच वापरत नाही. बर्न्ट सिएना हा मुळात मंद केलेला नारिंगी आहे आणि अल्ट्रामरीन त्याचा विरोधी, म्हणजे रंगचक्रावर समोर बसणारा रंग. दोघे एकमेकांची तीव्रता मारतात आणि मधे करडा उरतो. प्रमाण बदलले की तो करडा उबदार होतो किंवा थंड होतो, आणि अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसून एक दाणेदार पोत तयार करतात, जो ट्यूबमधल्या तयार काळ्यातून मिळणार नाही. बर्न्ट सिएनाविषयी आणखी एक गोष्ट मला आवडते. तो लोहाच्या ऑक्साइडचा रंग आहे, आणि जांभ्याचा लालही लोहाच्या ऑक्साइडचाच आहे. भिंत रंगवताना पॅलेटवर भिंतीचेच नातलग असतात.

एवढे समजूनही भिंत जमत नव्हती. पुढचा धागा सापडला तो पॅरिसमधील एका जुन्या तक्रारीत. मिशेल शेव्हरेल हे रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून गोब्लां येथील शाही विणकामशाळेत रंगाईचे संचालक होते. तेथील काळा धागा पुरेसा काळा नाही अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपास केला तेव्हा काळ्या धाग्यात खोट नव्हती. निळ्या आणि जांभळ्या धाग्यांशेजारी विणल्यामुळे तो फिका दिसत होता. त्यांनी शेजारशेजारच्या रंगांचा एकमेकांवर होणारा परिणाम पुढे पद्धतशीरपणे अभ्यासला आणि १८३९ मध्ये त्याविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. विरोधी रंग शेजारी ठेवले की दोघेही अधिक तीव्र भासतात, आणि करड्या रंगावर शेजाऱ्याच्या विरोधी रंगाची झाक चढते, हे त्यांतील मुख्य निष्कर्ष होत. म्हणजे तीव्रता जितकी रंगात आहे तितकीच ती शेजारात आहे.

हे वाचल्यानंतर सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे निरांजन हाती धरलेल्या स्त्रीचे चित्र मी नव्या नजरेने पाहिले. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील कलादालनात आहे आणि ते जलरंगात आहे, हे सांगितल्यावर अजूनही अनेकांना खरे वाटत नाही. त्या चित्रातील ज्योत हाताच्या आडोशाला आहे आणि तिचा उजेड बोटांतून तांबूस होऊन पाझरतो. कागदावर दिवा लावता येत नाही. कागदाच्या पांढऱ्याहून उजळ असे जलरंगात काहीच नसते. त्या चित्रातील उजेड खरा वाटतो तो भोवतालच्या मोठ्या, शांत, मंद अंधारामुळे. तीव्र रंगाला तेथे अगदी थोडी जागा दिलेली आहे, चेहऱ्याच्या कडेशी आणि बोटांशी, आणि ती जागा निवडण्यातच हळदणकरांचे सारे कसब आहे.

लहान मुलांच्या पुस्तकांसाठी मी गेली आठ वर्षे टॅबलेटवर चित्रे काढते आहे, आणि येथे तीव्रतेचा प्रश्न वेगळ्या रूपात पुन्हा भेटला. मी पावसात भिजलेल्या भिंतीचा फोटो काढला, तो उघडला आणि ड्रॉपरने भिंतीवरचा एक ठिपका उचलून कोऱ्या पांढऱ्या पानावर ठेवला. मला लालबुंद वाटणारा तो रंग पानावर जुन्या गुळासारखा तपकिरी निघाला. मी तीन वेगवेगळ्या चिऱ्यांवरून ठिपके उचलले आणि तिन्ही तसेच. भिंतीचा लाल हा तिच्यामागच्या ओल्या हिरव्याने आणि वरच्या करड्या आकाशाने मोठ्या प्रमाणात घडवलेला होता, हे त्या दिवशी मला शेव्हरेल वाचून समजले होते त्याहून पक्के समजले.

डिजिटल साधनांत सॅच्युरेशनची, म्हणजे तीव्रतेची, सरकपट्टी असते आणि ती ० ते १०० असे अंक दाखवते, म्हणून नवख्या चित्रकाराला वाटते की तीव्रता मोजण्याचे यंत्रच हाती आले. त्या अंकांवर फार विसंबू नये. रंगाची जात, सॅच्युरेशन आणि व्हॅल्यू (उजळपणा) अशी जी मांडणी बहुतेक रंगनिवडीच्या चौकटींत असते, ती आल्वी रे स्मिथ यांनी १९७८ मध्ये मांडली. गणित सोपे आणि वेगवान असावे हा तिचा मोठा गुण आहे, डोळ्यांशी तिचे नाते मात्र सैल आहे. पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा व निळा अशा ० ते २५५ मधल्या तीन आकड्यांनी लिहितात; या मांडणीत त्यांपैकी सर्वांत मोठ्यातून सर्वांत लहान वजा करून उत्तराला मोठ्याने भागतात. त्यामुळे लाल २०, हिरवा ०, निळा ० असा रंग घेतला, तर डोळ्यांना तो जवळजवळ काळाच दिसतो, पण सरकपट्टी त्याचे सॅच्युरेशन १०० सांगते. तसेच पडद्यावरचा शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा या दोघांनाही ही मांडणी १०० सॅच्युरेशन आणि १०० व्हॅल्यू देते, प्रत्यक्षात पांढऱ्याच्या तुलनेत पिवळ्याची दीप्ती सुमारे ९३ टक्के आणि निळ्याची सुमारे ७ टक्के असते. १९७६ मध्ये प्रमाणित झालेली लॅब ही पद्धत किंवा ब्यॉर्न ओटोसन यांनी २०२० मध्ये मांडलेली ओकेलॅब ही डोळ्यांच्या अनुभवाच्या पुष्कळ जवळ जाते. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ती निवडता येत असेल तर अवश्य वापरून पाहावी.

मिश्रणाच्या बाबतीत पडदा आणि कागद यांच्यातले अंतर आणखी मोठे आहे. बहुतेक सॉफ्टवेअर दोन रंग मिसळते म्हणजे त्यांच्या आकड्यांची सरासरी काढते. शुद्ध पिवळा म्हणजे २५५, २५५, ० आणि शुद्ध निळा म्हणजे ०, ०, २५५. यांची सरासरी १२८, १२८, १२८ येते, म्हणजे चक्क करडा. बालवाडीतला हिरवा तेथे उगवतच नाही. लाल आणि हिरव्याची सरासरी १२८, १२८, ० अशी मळकट शेवाळी येते, कारण पडद्याचे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात सरळ वाढत नाहीत; आकडे आधी खऱ्या प्रकाशात बदलून सरासरी काढली तर १८८, १८८, ० असा बराच उजळ पिवळा मिळतो. दोन छटा एकमेकींत विरघळवताना मधे जो काळपट पट्टा येतो आणि ज्याबद्दल विद्यार्थी ब्रशला दोष देतात, त्याचे मूळ बहुतेक वेळा येथे असते. रंगकणांच्या मिश्रणाचे गणित पॉल कुबेल्का आणि फ्रान्झ मुंक यांनी १९३१ मध्येच मांडले होते, पण ते चालवायला तीन आकडे पुरत नाहीत. शार्का सोखोरोव्हा आणि ओंद्रेय यामरिश्का यांनी २०२१ मध्ये ते डिजिटल चित्रकलेत वेगाने वापरण्याची रीत दाखवली, आणि तिच्यावर आधारलेल्या साधनांत पिवळ्यावर निळा ओढला की पडद्यावर हिरवा उमटतो. मी हे पहिल्यांदा करून पाहिले तेव्हा काम बाजूला ठेवून तासभर नुसते रंग मिसळत बसले होते.

ज्यांच्याकडे असे साधन नाही, त्यांनी मल्टिप्लाय हा थर वापरून पाहावा. तो आकड्यांचा गुणाकार करतो, म्हणजे रंगीत काचा एकावर एक ठेवल्यासारखा प्रकाश कमी करत जातो, आणि जलरंगातल्या पारदर्शक थरांच्या तो बराच जवळ आहे. मात्र सावलीसाठी मूळ रंग घेऊन फक्त व्हॅल्यूची पट्टी खाली ओढणे ही सवय सोडावी. त्वचेवर उजेड आणि सावली जिथे भेटतात, तिथे रंग पुष्कळदा किंचित तांबूस आणि अधिक तीव्र असतो, कारण तेथे प्रकाश त्वचेच्या आत शिरून बाहेर आलेला असतो. हळदणकरांच्या चित्रातल्या बोटांत दिसते ते हेच.

छपाईबद्दल थोडक्यात सांगते. माझ्या एका मुखपृष्ठावरचे रात्रीचे आकाश पडद्यावर निळेशार होते आणि छापून आले ते मंद, जांभळट. छापखान्यातल्या अनुभवी कारागिरांनी मला शांतपणे सांगितले, ‘‘ताई, हा निळा छपाईच्या चार शायांत बसत नाही.’’ तेव्हापासून छपाईसाठीच्या चित्रात मी आधी छपाईच्या मर्यादेत रंग पाहते आणि निळ्याचा जोर त्याच्याशेजारी उबदार, मंद पिवळा ठेवून मिळवते.

गेल्या जूनमध्ये मी पुन्हा गावी गेले आणि पडवीत बसून मागची भिंत रंगवली. या वेळी चिऱ्यांसाठी बर्न्ट सिएना आणि लाइट रेड घेतला, गडदपणासाठी त्यात किरमिजी आणि अगदी थोडा अल्ट्रामरीन घातला, काळ्याची ट्यूब पेटीतच ठेवली. मागची केळ आणि फणस मी जाणूनबुजून करड्या हिरव्यात ठेवले आणि आकाशाला निळा दिलाच नाही. शुद्ध लाल फक्त एका जागी आला, पागोळीचे पाणी जिथून चिऱ्यावर ओघळत होते त्या हातभर पट्ट्यात. चित्र वाळल्यावर काकू ते घेऊन दारापाशी गेली, भिंतीला धरून तिने पाहिले आणि म्हणाली की भिंत आली आहे, पण खालच्या दोन थरांवर श्रावणात शेवाळ चढते तेव्हाची अजून राहिली आहे. ते शेवाळ हिरवे आणि चिरा लाल असे दोन्ही एकाच ओल्या इंचात असतात. कागदावर एकमेकांत उतरले तर करडे होतील आणि वेगळे ठेवले तर दगडावर चिकटवल्यासारखे दिसतील. बहुधा चिऱ्याचा थर पूर्ण वाळू देऊन, त्यावर यलो ऑकर मिसळलेला हिरवा कोरड्या ब्रशने, खळगे सोडून नुसत्या उंचवट्यांवर फिरवावा लागेल. श्रावणातली आठ दिवसांची रजा मी आत्ताच मागून ठेवली आहे.